बर्कली गावचे डॉक्टर : एडवर्ड जेन्नर आणि देवीची लस

घरात पन्नाशी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचा दंड एकदा बघा. नाण्याएवढा, किंचित खोलगट, कडेने सुरकुतलेला डाग दिसेल. कुणाला तो कोपराखाली असतो, कुणाला दोन असतात. आपल्या दादी-नानीला विचारलं तर ती सांगेल की ही देवी काढल्याची खूण. आजच्या मुलांच्या हातावर ती नाही, कारण देवीचा रोगच जगात उरला नाही. ज्याला उर्दूत आपण चेचक म्हणतो आणि गावाकडे ज्याचं नाव घ्यायलाही लोक घाबरत, तो हा रोग. झालेल्या दर दहा जणांतले साधारण तीन दगावत. वाचलेल्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहत, कित्येकांचे डोळे जात. एकट्या विसाव्या शतकात या रोगाने 30 कोटींच्या आसपास माणसं नेली, असा अंदाज आहे.

हा रोग संपवायची सुरुवात कुठल्या मोठ्या इस्पितळात झाली नाही, कुठल्या विद्यापीठातही नाही. ती झाली इंग्लंडमधल्या एका आडवळणाच्या गावात, घोड्यावरून घरोघर फिरणाऱ्या एका फॅमिली डॉक्टरच्या हातून. डॉ. एडवर्ड जेन्नर यांचं नाव आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात येतं, पण दोन ओळींत संपतं. जेन्नर गावचे डॉक्टर होते म्हणूनच त्यांना हे जमलं, असं आम्हाला वाटतं. म्हणून आज त्यांच्या आयुष्याबद्दल जरा सविस्तर.

बर्कली हे गाव ग्लॉस्टरशायर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या काठच्या सखल, हिरव्या पट्ट्यात आहे. एक जुना किल्ला, एक चर्च आणि भोवती गाईंची कुरणं. हा सगळा मुलूख दूधदुभत्याचा, चीज बनवण्यासाठी नावाजलेला. इथे 17 मे 1749 रोजी एडवर्डचा जन्म झाला. वडील चर्चचे पाद्री. नऊ भावंडांत हा आठवा. तो पाच वर्षांचा असताना आई आणि वडील दोघंही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मग थोरल्या भावाने त्याला सांभाळलं.

आठ वर्षांचा असताना एडवर्डला देवीची जुनी टोचणी झाली. ही जुनी टोचणी म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं, कारण तो धागा आपल्याकडच्या जगातून गेलेला आहे. देवी एकदा येऊन गेली की त्या माणसाला पुन्हा येत नाही, हे पूर्वेकडे फार आधीपासून माहीत होतं. अबू बक्र अल-राझी या थोर हकिमांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे सांगणारी किताब लिहिली, ती दहाव्या शतकाच्या आसपासची. ती किताब 1766 मध्ये लंडनमध्ये अरबी आणि लॅटिन अशी दोन्ही भाषांत छापली गेली. म्हणजे जेन्नर तरुण होते तेव्हा राझी इंग्रज डॉक्टरांच्या कपाटात होते! उस्मानी तुर्कस्तानात तर म्हाताऱ्या बायका याच्या पुढे गेलेल्या होत्या. देवीच्या सौम्य रुग्णाच्या फोडातलं थोडंसं पाणी अक्रोडाच्या कवचात घेऊन त्या घरोघर जात आणि निरोगी मुलांच्या कातडीत सुईने टोचत. मुलाला हलकी देवी येई आणि पुढचं आयुष्य सुरक्षित होई. आपल्याकडे बंगालात टीकादार हेच काम करत.

इंग्लंडच्या वकिलाची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिने 1717 मध्ये तुर्कस्तानात हे पाहिलं. तिचा भाऊ देवीने गेला होता आणि तिच्या स्वतःच्या देखण्या चेहऱ्याची देवीने वाट लावली होती. तिने तिथेच आपल्या मुलाला टोचून घेतलं आणि मायदेशी परतल्यावर 1721 च्या साथीत मुलीलाही. तिथून ही रीत इंग्लंडमध्ये पसरली.

पण गंमत बघा. तुर्की बायांचं सुईएवढं काम इंग्रज डॉक्टरांच्या हाती गेलं आणि त्याचं केवढं तरी अवडंबर झालं. टोचण्याआधी मुलाला काही आठवडे उपाशी ठेवायचं, त्याचं रक्त काढायचं, जुलाब द्यायचे, मग टोचून एखाद्या तबेल्यात इतर आजारी मुलांबरोबर कोंडून ठेवायचं. छोट्या एडवर्डच्या वाट्याला हे सगळं आलं. तो वाचला, पण त्या तबेल्याची आठवण आयुष्यभर त्याच्या मनातून गेली नाही. शिवाय जुन्या टोचणीचा खरा दोष वेगळाच होता. टोचलेलं मूल खरीच देवी अंगावर घेऊन फिरे, आणि त्याच्यापासून शेजाऱ्याला रोग लागू शके. शंभरात एक-दोन टोचलेले मरतही.

शाळा संपवून एडवर्ड तेराव्या-चौदाव्या वर्षी जवळच्याच एका गावातल्या सर्जनच्या हाताखाली उमेदवारी करायला लागला. त्या काळी डॉक्टरकी अशीच शिकत. उस्तादाच्या घरी राहायचं, औषधं कुटायची, जखमा बांधायच्या. दूध काढणाऱ्या बायांमध्ये एक समजूत होती, ती त्याच्या कानावर याच मुलखात पडली. गाईच्या आचळांवर कधीकधी फोड येतात. त्या गाईचं दूध काढणाऱ्या बाईच्या हातावरही तसेच फोड उठतात, दोन-चार दिवस कणकण येते आणि सगळं जातं. या गाईच्या देवी ज्या बाईला येऊन गेल्या, तिला खरी देवी कधी धरत नाही, असं ती माणसं सांगत. हे गुपित नव्हतं. आसपासचे डॉक्टरही ऐकून होते. 1774 मध्ये दुसऱ्या परगण्यातल्या बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर साथ आली तेव्हा आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातलं पाणी सुईने टोचलंही होतं. बायकोचा हात सुजला, गावाने त्याला वेड्यात काढलं, आणि गोष्ट तिथेच राहिली.

म्हणजे शोध जेन्नर यांचा आधी कुणी लावलाच नव्हता असं नाही. गवळणींचं म्हणणं बाकीच्यांनी ऐकून सोडून दिलं, जेन्नर यांनी सोडलं नाही.

एकविसाव्या वर्षी ते लंडनला जॉन हंटर यांच्याकडे गेले. हंटर त्या काळचे सगळ्यात नावाजलेले सर्जन. त्यांच्या घरीच राहून जेन्नर सेंट जॉर्ज इस्पितळात शिकले. हंटर यांची शिकवण अशी की नुसती अटकळ बांधत बसू नये, करून पाहावं, आणि धीराने, काटेकोरपणे पाहावं. गुरू-शिष्याचं असं जुळलं की जेन्नर गावी परतल्यावरही 20 वर्षं दोघांची पत्रं चालू होती. हंटर कधी साळिंदरासारख्या काटेरी प्राण्यांची मागणी करत, कधी पक्ष्यांची, आणि गावाकडचा शिष्य ते धाडत असे.

लंडनमध्ये एक मोठी संधी आली. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीतून आलेले वनस्पती-प्राण्यांचे नमुने लावण्याचं काम जेन्नर यांनी चोख केलं होतं. त्यामुळे कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर चलण्याबद्दल त्यांना विचारणा झाली. कुठला तरुण अशी जगप्रवासाची संधी सोडेल? जेन्नर यांनी सोडली. 1773 च्या सुमारास ते बर्कलीला परतले आणि डॉक्टरकी सुरू केली.

पुढची 25 वर्षं मग ती तशीच, कुठल्याही छोट्या गावच्या डॉक्टरची असतात तशी. रुग्ण दूरदूरच्या शेतांवर विखुरलेले, रस्ते चिखलाचे, वाहन म्हणजे घोडा. निळा कोट, त्याला पिवळी बटणं, चकचकीत बूट, बुटांना चांदीचे काटे, असा त्यांचा थाट होता. एकदा बर्फाच्या वादळात रुग्णाकडे जाताना ते घोड्यावरच गारठून बधिर झाले होते, मरता मरता वाचले. बाळंतपण, मोडलेलं हाड, ताप, खोकला, म्हाताऱ्याचं दुखणं, सगळं एकाच माणसाकडे. आपल्याकडे अजूनही तालुक्याच्या गावाला असे डॉक्टर असतात, ज्यांना तीन पिढ्यांची दुखणी पाठ असतात आणि ज्यांच्यासमोर बायाबापड्या मोकळेपणी बोलतात. जेन्नर तसे होते. बासरी आणि व्हायोलिन वाजवत, कविता करत, जवळपासच्या डॉक्टरांना एका खाणावळीत जमवून दुखण्यांवर चर्चा करत, मग सगळे एकत्र जेवत. 1784 मध्ये, माणसं पहिल्यांदा आकाशात उडाल्याची बातमी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, त्यांनी बर्कलीच्या किल्ल्यातून एक फुगा उडवला. तो किंग्सकोट गावात उतरला. त्याच गावची कॅथरीन किंग्सकोट पुढे 1788 मध्ये त्यांची पत्नी झाली. फुग्यामुळेच ओळख झाली असं लोक सांगतात. खरं असो नसो, गोष्ट गोड आहे.

त्यांचं पहिलं नाव झालं ते कुठल्या औषधामुळे नाही, कोकिळेच्या जातीच्या पक्ष्यामुळे. कुकू हा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. मग घरच्या पिलांचं काय होतं? तासन् तास झुडपांत बसून जेन्नर यांनी पाहिलं की नुकतं जन्मलेलं, डोळेही न उघडलेलं कुकूचं पिलूच बाकीच्यांना पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं. लोकांना ते पटेना. कित्येकांनी शंभर वर्षांनंतरही खोटं ठरवलं. पुढे फोटो निघाले तेव्हा गावच्या डॉक्टरचं बरोबर निघालं. याच कामावर 1789 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. छातीत कळ येण्याचा आजार हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याने होतो, हेही त्यांनी शवविच्छेदनांतून ताडलं होतं. तोच आजार आपल्या गुरूला, हंटर यांना आहे हे त्यांच्या लक्षात आलं. हंटर यांना धक्का बसेल म्हणून त्यांनी ते छापलं नाही. 1793 मध्ये हंटर त्याच आजाराने गेले.

या सगळ्या वर्षांत गवळणींची गोष्ट डोक्यातून गेली नव्हती. जेन्नर घरोघर जुनी टोचणी करत असत. त्यात त्यांना दिसे की काही माणसांना कितीही टोचलं तरी देवी धरतच नाही. विचारलं की कळे, या बाईला, या गड्याला पूर्वी गाईच्या देवी येऊन गेल्यात. ते एकेकाचं नाव, वय, वर्ष लिहून ठेवत गेले. कुणाला 20 वर्षांपूर्वी, कुणाला 50 वर्षांपूर्वी गाईपासून लागण झालेली. शहरातल्या इस्पितळात हे कळलं असतं का? तिथे रुग्ण येतो आणि जातो. गावात डॉक्टर तोच, रुग्ण तोच, गोठाही तोच. शेजारचे डॉक्टर मात्र या विषयाला इतके कंटाळले की पुन्हा काढलास तर मंडळातून काढून टाकू, असं त्यांना गमतीत बजावत.

1796 च्या मे महिन्यात सारा नेल्म्स नावाची गवळण दवाखान्यात आली. हाताला काटा लागून ओरखडा झाला होता आणि ब्लॉसम नावाच्या गाईचं दूध काढताना तिथे गाईच्या देवीचे फोड उठले होते. (त्या ब्लॉसमचं कातडं आजही लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय शाळेत जपून ठेवलं आहे.) 14 मे रोजी जेन्नर यांनी साराच्या हाताच्या फोडातलं पाणी घेतलं आणि आठ वर्षांच्या जेम्स फिप्स या मुलाच्या दंडावर अर्ध्या इंचाच्या दोन बारीक खाचा करून त्यात सोडलं. सातव्या दिवशी मुलाच्या काखेत दुखू लागलं. नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, डोकं दुखलं, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा खेळायला मोकळा. मग 1 जुलैला त्याला खऱ्या देवीचं टोचलं. काहीच झालं नाही. काही महिन्यांनी पुन्हा टोचलं. तेव्हाही काही नाही.

इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. जेम्सचा बाप मजूर माणूस, जेन्नर यांच्या बागेत काम करणारा. त्याने हो म्हटलं, पण गरीब माणसाच्या होकारात नाही म्हणायची मुभा कितीशी असते? आज कुठल्याही देशात असा प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. जेन्नर यांच्या बाजूने एवढं सांगता येईल की खऱ्या देवीची टोचणी त्या काळी बऱ्याच मुलांना होत होती. जेम्सलाही ती कदाचित झाली असती. आणि डॉक्टरांनी स्वतःच्या घरालाही वगळलं नाही. थोरल्या मुलाला त्यांनी तान्हेपणी डुकरांना येणाऱ्या तसल्याच एका रोगाचं पाणी टोचून पाहिलं होतं. धाकट्या रॉबर्टला 11 महिन्यांचा असताना गाईच्या देवीचं टोचलं, पण ते धरलं नाही. ते धरलं नाही, हेही त्यांनी पुस्तकात प्रामाणिकपणे लिहिलं. तरी मनाला टोचायचं ते टोचतंच.

जेन्नर यांनी आपला लेख रॉयल सोसायटीला दाखवला. ज्यांनी कुकूवरून त्यांना सभासद केलं, त्यांनीच हा लेख परत केला. एवढ्याशा पुराव्यावर एवढा मोठा दावा करून कमावलेलं नाव घालवू नये, असा त्या सल्ल्याचा अर्थ होता. जेन्नर रागावले नाहीत, कामाला लागले. पण गोठ्यांतून गाईच्या देवी गायब झालेल्या. दोन वर्षं थांबावं लागलं. 1798 च्या वसंतात त्या पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातावरून तिसऱ्याच्या, अशी साखळी लावून दाखवली. म्हणजे प्रत्येक वेळी गाय शोधायला नको, माणसापासून माणसाला लस पोचते. त्याच वर्षी जून महिन्यात 23 नोंदींचं एक बारीक पुस्तक त्यांनी स्वखर्चाने काढलं. लॅटिनमध्ये गाईला वाका म्हणतात. जगभरचा व्हॅक्सिन हा शब्द त्या गाईवरून आला.

पुस्तकासाठी लंडनला गेले तेव्हा तीन महिने राहून त्यांना टोचून घ्यायला एक माणूस मिळाला नाही! गावात त्यांना सगळे ओळखत, लंडनमध्ये कुणी नाही. शेवटी लस तिथल्या एका सर्जनकडे ठेवून ते परतले आणि त्या सर्जनने ती एका मुलाला टोचून पाहिली, तेव्हा कुठे राजधानीत चर्चा सुरू झाली. मग मात्र वणव्यासारखं झालं. दोन-तीन वर्षांत युरोपभर लस पोचली. काहींनी श्रेय आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला. लंडनच्या देवीच्या इस्पितळात तयार झालेल्या लसीत खऱ्या देवीची भेसळ झाली, लोकांना फोड आले आणि बोल मात्र जेन्नर यांना लागले.

विरोध तर चहूबाजूंनी झाला. चर्चमधून काही जण म्हणू लागले की जनावराची घाण माणसात घालणं हे पाप. जुन्या टोचणीवर पैसा करणारे डॉक्टर बिथरले. 1802 मध्ये लंडनमध्ये एक व्यंगचित्र गाजलं. त्यात लस घेतलेल्यांच्या अंगातून, नाकातून, दंडातून छोट्या छोट्या गाई बाहेर पडताना दाखवल्या होत्या. आपल्याला हसू येतं. पण लसीतून मूल होणं बंद होतं, लसीत अमुक जनावराचं काहीतरी असतं, या गोष्टी आपल्या मोहल्ल्यांत मोबाइलवरून फिरतात त्या काही वेगळ्या नाहीत. 2022 च्या नोव्हेंबरात गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली आणि लेकरं गेली. राझींनी जो रोग देवीपासून वेगळा करून दाखवला, तोच हा गोवर. लस घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवणारी घरं आम्ही पाहिली आहेत, आणि ती वाईट माणसांची घरं नव्हती. घाबरलेल्या आई-बापांची होती.

देवीच्या बाबतीत याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सोमालियातलं आहे. मर्का शहरात अली माओ मालिन नावाचा तरुण इस्पितळात स्वयंपाकी होता. दुखेल म्हणून त्याने लस चुकवली होती. ऑक्टोबर 1977 मध्ये त्याला देवी आली. निसर्गतः देवी आलेला तो जगातला शेवटचा माणूस ठरला. तो वाचला. पुढे त्याने पोलिओच्या मोहिमेत काम केलं. लस नको म्हणणाऱ्या आई-बापांना तो स्वतःची गोष्ट सांगे. 2013 मध्ये अशाच मोहिमेच्या काळात मलेरियाने त्याचा इंतकाल झाला. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं होतं.

जेन्नर यांच्याकडे परत येऊ. त्यांची लस हिंदुस्थानात कशी आली, हीही सांगण्यासारखी गोष्ट आहे. जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून यायला कित्येक महिने लागत आणि लसीचं पाणी तेवढ्यात वाया जाई. जेन्नर यांचे समुद्रमार्गाचे प्रयत्न फसले. मग व्हिएन्नातल्या जां द कारो या डॉक्टरने खुष्कीचा रस्ता धरला. लस काचांमध्ये बंद करून, वरून मेणाने हवाबंद करून तिची रवानगी झाली. इस्तंबूल, मग बगदाद, मग बसरा. वाटेत ठिकठिकाणी मुलांना टोचून, त्यांच्या हातावरून ताजं पाणी घेऊन ती पुढे सरकत राहिली. बसऱ्याहून जहाजाने मुंबई. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि लागली. तिच्या हातावरून आणखी मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. जी विद्या 85 वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून इंग्लंडला गेली होती, ती सुधारून त्याच मुलखांतल्या मुलांच्या दंडांवरून मुंबईला उतरली. आपल्याकडच्या टोचणीची पहिली कडी ही.

जेन्नर यांनी हा शोध लपवला असता तर अमाप पैसा केला असता, असं तेव्हाच लोक म्हणत होते. त्यांनी उलट केलं. मागेल त्याला लस, मागेल त्याला माहिती. पत्रं इतकी येत की आपण सगळ्या जगाचे लसीचे कारकून झालो आहोत, अशी ते थट्टा करत. दवाखाना मागे पडला, खर्च वाढला. संसदेने 1802 मध्ये 10,000 पौंड आणि 1807 मध्ये आणखी 20,000 पौंड दिले. मुंबई-कलकत्त्याहूनही वर्गणी गेली. मित्रांच्या आग्रहाने त्यांनी लंडनच्या श्रीमंत वस्तीत घर घेऊन दवाखाना थाटला, तर तिथे रुग्णच येईनात. कारण लस टोचायला त्यांनी सगळ्यांना शिकवून ठेवलेलं! ते पुन्हा गावी. इंग्लंडशी लढाई चालू असतानाही नेपोलियनने आपल्या सैनिकांना लस दिली आणि जेन्नर यांनी शब्द टाकला म्हणून काही इंग्रज कैद्यांना सोडलं.

ते निर्दोष होते असं मात्र नाही. एकदा लस घेतली की जन्मभर भीती नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं निघालं. 1811 मध्ये एका उमरावाच्या मुलाला जोराची देवी आली. दहा वर्षांपूर्वी खुद्द जेन्नर यांनीच त्याला टोचलं होतं. मुलगा वाचला, पण विरोधकांना हत्यार मिळालं. काही वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागते, हे जेन्नर यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. ज्या माणसाने तरुणपणी पाहून मग बोलायची शिस्त पाळली, तो म्हातारपणी टीका ऐकताना चिडायचा. नामवंत माणसांचं असं होतं खरं.

घराने दुःखही खूप पाहिलं. थोरला मुलगा एडवर्ड 1810 मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयाने गेला. 1815 मध्ये त्याच क्षयाने कॅथरीन गेल्या. देवीवर उपाय शोधणाऱ्याला घरातल्या क्षयापुढे काही करता आलं नाही. त्यानंतर त्यांनी बर्कली जवळजवळ सोडलीच नाही. गावचे महापौर झाले, न्यायदंडाधिकारी म्हणून बसले, पक्ष्यांच्या स्थलांतरावर टिपणं काढत राहिले. घराच्या बागेत झाडाच्या ओबडधोबड लाकडांची एक झोपडी त्यांनी बांधून घेतली होती. तिथे गोरगरिबांची मुलं रांगेत यायची आणि ते फुकट टोचायचे. राजे-बादशहांची पत्रं ज्याला येत, तो माणूस त्या झोपडीत बसून रडणाऱ्या पोरांचे हात धरायचा. ती झोपडी अजून आहे, आणि घराचं आता संग्रहालय झालं आहे.

25 जानेवारी 1823 रोजी सकाळी ते आपल्या पुस्तकांच्या खोलीत अर्धांगवायूने पडलेले सापडले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. वय 73. लंडनच्या मोठमोठ्या कबरींत नाही, गावच्या चर्चमध्ये, आई-वडील, बायको आणि मुलाशेजारी त्यांना पुरलं.

अंत्ययात्रेला जेम्स फिप्स आला होता. तो तेव्हा 35 च्या आसपासचा, बायकोमुलांचा संसारी माणूस. जेन्नर यांनी त्याला बर्कलीत एक छोटं घर बिनभाड्याने राहायला दिलं होतं आणि त्याच्या अंगणात आपल्या बागेतली गुलाबाची झाडं लावून दिली होती. जेम्स त्याच गावात राहिला आणि 1853 मध्ये वारला. इंग्लंडने प्रत्येक बाळाला देवीची लस सक्तीची केली, त्याच वर्षी. त्याची कबर त्याच चर्चच्या आवारात आहे.